इंग्लंडच्या सफोकमधलं लाकडी सांगाड्याचं फार्महाऊस: चौदा महिने राहिल्यावर

ओकच्या तुळया, उतरती जमीन, डोकं आपटेल अशी दारं हे सगळं फोटोत पाहिलेलंच असेल. मी भिंतीबद्दल लिहिणार आहे. खरं तर भिंतीवरच्या सिमेंटबद्दल.

जानेवारीत पूर्वेच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर मागे बुरशी. नवऱ्याच्या लग्नातल्या कोटावर पांढरी लव. ओल शोषायचं मशीन आणलं. रोज सकाळी अर्धी बादली पाणी, आणि महिन्याचं विजेचं बिल बघून तोंडाला कोरड. तेव्हाच या घराला एक तारा देऊन टाकला होता. एवढं जुनं लाकूड, कुजणारच की!

तो तारा मागे घेते. मार्चमध्ये घरमालकांनी चुन्याचं काम करणारा गवंडी आणला. त्याने बाहेरून ठोकून बघितलं आणि म्हणाला, दोष घराचा नाही. गेल्या शतकात कुणीतरी ‘पक्कं काम’ म्हणून चुना खरवडून सिमेंट थापलंय. ओकचा सांगाडा हवेप्रमाणे फुगतो, आकसतो. सिमेंट हलत नाही. केसाएवढी चीर पडली की पाऊस आत. चुन्यातून ती ओल सुकून गेली असती, सिमेंटमागे कोंडते आणि तळाच्या आडव्या तुळईत मुरते. सगळे खांब उभे आहेत ते तिच्यावरच. सिमेंट काढलं, तर तिचा चहाच्या चोथ्यासारखा भुगा हातात आला. वरचे खांब मात्र ठणठणीत. सांध्यांत खिळा नाही, नुसत्या ओकच्या मेखा. शेजारी जोड जुळवायला सुताराने कोरलेले रोमन आकडे.

खांबांच्या मधे काय होतं? काटक्यांचं विणकाम, त्यावर माती, पेंढा, शेण. ‘अगंबाई, हा तर कूड!’ चिपळूणला आजीच्या गोठ्याचा होता तस्सा. गवंडी नुसता बघत राहिला.

आता चिडचिड. घर ग्रेड दोनचं संरक्षित, म्हणजे जुन्या वारसा इमारतींच्या सरकारी यादीतलं, म्हणून कामाआधी स्थानिक कौन्सिलची लेखी संमती. त्यात आठवडे गेले. विनासंमती बदल केला तर थेट फौजदारी गुन्हा. सिमेंट थापणाऱ्याने कुणाला विचारलं होतं देव जाणे. शिवाय थंडीच्या कडाक्यात चुना लावता येत नाही, म्हणून मे उजाडला. तीन थर, प्रत्येकामध्ये थांबणं, उन्हात भेगा पडू नयेत म्हणून ओली गोणपाटं.

पूर्वेची खोली आता कोरडी आहे. कोट परत कपाटात. म्हणून चार तारे. पाचवा उत्तरेच्या भिंतीपायी कापला: तिथे अजून सिमेंटच आहे आणि घरमालक म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मशीन तिकडे हलवलंय. आज सकाळी पाव बादली.