बसस्टँडजवळचं रिटर्नचं दुकान: फौजींना चालेल, पण फॉर्म सोळा आपणच मोजून द्या

पुलगाव-देवळी पट्ट्यात माजी सैनिक बरेच, त्यामुळे जुलैत या आयकर रिटर्न भरून देणाऱ्या दुकानापुढे बाकडं रिकामं नसतं. आयटीआर-1 म्हणजे साध्या रिटर्न फॉर्मचे 300 रुपये, त्याहून मोठ्या आयटीआर-2 चे 600. रिफंडमधला टक्का मागत नाहीत, ही मोठी गोष्ट. टक्केवारीवाले खोट्या वजावटी घालतात आणि नोटीस आली की फोन उचलत नाहीत. खोट्या माहितीचा दंड बुडवलेल्या कराच्या 200 टक्के, तोही आपल्याच पॅनवर.

"माझं नाव अजून रिझर्व्हमध्ये आहे, मग वेगळा फॉर्म लागतो का?" या प्रश्नाला इथे सरळ उत्तर मिळतं: नाही. परत बोलावण्याच्या यादीतल्या नुसत्या नावाला पगार नाही, म्हणून करही नाही. टेरिटोरियल आर्मीचं, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून करायच्या फौजेचं, मात्र वेगळं. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यातल्या बटालियनसारख्या तुकडीत जितके दिवस बोलावणं असतं, तितक्या दिवसांचा पगार मिळतो आणि तो उत्पन्नात धरावा लागतो. म्हणजे त्या वर्षी फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, दोन.

दुकानाची कच्ची बाजू इथेच आहे. पोरगा पहिला कागद स्कॅन करतो आणि दुसरा विचारतच नाही. पेन्शन घेऊन डीएससीत (लष्करी ठिकाणांच्या पहाऱ्याच्या दलात) किंवा बँकेत लागलेल्यांचा घोळ यातूनच होतो. समजा, 2025-26 मध्ये पेन्शन 4,80,000 आणि बँकेचा पगार 8,40,000. दोन्हीकडे 75,000 ची प्रमाणित वजावट धरलेली असते, आणि पेन्शन देणारे आणि बँक दोघांनाही आपापला आकडा 12 लाखांच्या मर्यादेच्या आतला दिसतो, म्हणून टीडीएस शून्य. दोन वजावटी तशाच उतरवल्या तर उत्पन्न 11,70,000 आणि कर शून्य. पण वजावट एकदाच मिळते. खरं उत्पन्न 12,45,000, आणि नव्या पद्धतीत सीमांत सवलत (मर्यादेच्या थोडं वर गेलेल्यांना मिळणारी सूट) धरूनही सेससकट कर 46,800, वर व्याज. पेन्शनचा फॉर्म सोळा स्पर्श या फौजी पेन्शनच्या वेबसाइटवरून उतरवून दोन्ही कागद एकाच पिनमध्ये लावून द्या.

वावराचंही विचारत नाहीत. कापूस, तूर, संत्रा मिळून शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 च्या वर गेलं की आयटीआर-1 चालत नाही. इथे तो रकाना शून्य ठेवून 300 चंच काम उरकतात. 600 देऊन आयटीआर-2 भरा. वावर घरधनिणीचं स्वतःचं असेल तर प्रश्नच नाही, पण तुम्हीच तिच्या नावावर करून दिलेलं असेल तर ते उत्पन्न तुमच्यातच धरतात.

अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत काउंटरवरच्या मॅडम पक्क्या आहेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 24 जून 2019 च्या परिपत्रकानुसार, सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या शारीरिक अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून काढलं, त्यालाच ही माफी आहे. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्याला नाही. म्हणून त्या आधी डिस्चार्ज बुकमधला निवृत्तीच्या कारणाचा रकाना उघडून बघतात, मग पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. काही जण यावरून भांडतात, पण चूक मॅडमची नसते. कम्युटेशनची, म्हणजे पेन्शनचा भाग आगाऊ घेतल्याची, एकरकमी रक्कम मात्र फौजीला पूर्ण माफ, ती त्या बरोबर वगळतात.

पावती हातात आली म्हणजे काम झालं असं नाही. 30 दिवसांत ई-व्हेरिफाय झालं नाही तर उशिराचा हिशोब सुरू होतो. त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. ते सिम पुण्यातल्या पोराच्या फोनमध्ये असेल तर त्याची सुट्टी बघूनच दुकानात जा.