वाऱ्यानं मोडलं म्हणे! कॅम्पर व्हॅनच्या डिपॉझिटचा अनुभव

कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊन कोकणात जायचा बेत असेल, तर फ्रिज, गॅस, एसी मागाहून बघा. आधी गाडीच्या अंगाला गुंडाळून ठेवलेली कापडी ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढून सावली करायचं छत, पूर्ण उघडायला लावा आणि कापड ताणून धरणारे तिचे दोन्ही हात कोपरापाशी बोटानं चाचपा. आमचे चाळीस हजार त्या कोपरातच अडकलेत.

गाडीमालकाचा धंदा असा आहे. ऑनिंग आधीच मोडलेली. ती चिकटवायची, रंग मारायचा आणि गाडी समुद्राकडे जाणाऱ्याच्या हातात द्यायची. तिथं ती मोडतेच. मग वाऱ्याच्या नावावर डिपॉझिट ठेवून घ्यायचं, पुन्हा चिकटवायचं, पुढचं गिऱ्हाईक बघायचं. हे सगळं मला परत आल्यावर, बिलं हातात पडल्यावर उलगडलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे कुठलाही समुद्र घ्या, आम्हाला लांबच. पण 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि शिवमडक्याला चढलं की 701 किलोमीटर थेट ठाणे जिल्ह्यात उतरता येऊ लागलं. पाडव्याला जोडून सुट्टी टाकली, सासूबाई आणि मुलगा बरोबर, हॉटेलची शोधाशोध नको म्हणून कॅम्पर. वर्धा रोडकडच्या एकाची जाहिरात दिसली. टेम्पो ट्रॅव्हलरची बॉडी आतून बदलून केलेली गाडी, फोटो झकास.

फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, “कुठे जाणार ताई?” किती जण, किती दिवस, हे नंतर. ताडोबा किंवा पचमढीला जायचं असेल तर डिपॉझिट वीस हजार, समुद्रावर चाळीस. का, तर खाऱ्या हवेनं गाडी गंजते. कारण ऐकायला बरोबर वाटतं. पण चार दिवसांत गाडी गंजत नाही, आणि गंजलीच तर त्याचा हिशेब भाड्यात यायला हवा, डिपॉझिटमध्ये नाही. डिपॉझिट ठिकाणाप्रमाणे दुप्पट होत असेल तर समजा की ते परत द्यायचं त्याच्या मनात नाही.

पैसे भरायला त्यानं दोन क्यूआर कोड पाठवले. भाड्याचा त्याच्या नावाचा, डिपॉझिटचा वेगळ्याच नावाचा. विचारलं तर म्हणाला, “भाचा आहे, हिशेब तोच बघतो.” आता डिपॉझिट मागितलं की हा म्हणतो, पैसे माझ्याकडे आलेच नाहीत, आणि भाचा फोन उचलत नाही. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं, त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. वकिलाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, नोटीस दोघांच्याही नावानं काढता आली.

गाडी दुपारी चारला मिळणार होती. “सर्व्हिसिंगला आहे, निघालीच,” असं करत करत आली रात्री आठला. गल्लीत दिवा नाही. सासूबाई सामानावर बसलेल्या, मुलगा पेंगलेला. जाहिरातीतल्या फोटोंत नंबर प्लेट पुसट केलेली होती, ती तेव्हा पहिल्यांदा दिसली. पांढरी! भाड्यानं स्वतः चालवायला देण्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्यानं देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. ती विचारली तर “प्रोसेसमध्ये आहे ताई, टेन्शन नका घेऊ.” बुकिंग रद्द केलं तर भाडं परत नाही, हे कराराच्या पीडीएफमध्ये आधीच लिहून ठेवलेलं. नवरा म्हणाला, निघू या. सासूबाई म्हणाल्या, “काहून एवढ्या रात्री देते गा हा गाडी?”

उत्तर त्याच्या मोबाइलच्या व्हिडिओत होतं. गाडी देताना त्यानं स्वतःच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला. सीट, सिंक, टायर, काचा, सगळं आलं. ऑनिंग मात्र गुंडाळलेलीच. उघडून दाखवा म्हटलं तर “अंधारात काय दिसणार, शिवाय गल्ली अरुंद.” आणि निघताना खिडकीशी येऊन पुन्हा, “समुद्रावर ऑनिंग नक्की उघडा बरं का, फोटो लय भारी येतात, आम्हाला टॅग करा.”

प्रवासाचं फार सांगत नाही. समृद्धीवर गाडी ऐंशीच्या वर गेली की डुलायची. माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिवेआगरला पोचलो. एका काकांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, झाडांपासून दूर, मोकळ्या अंगणात गाडी लावली. समोर सुरूचं बन, त्याच्या पलीकडे किनारा.

वारा होता, नाही म्हणत नाही. पुढचे सगळे दिवस होता. दुपार कलली की सुरूतून सूं सूं आवाज सुरू व्हायचा, ताटात वाळू, दोरीवरचे टॉवेल शेजारच्या वाडीत. पण काकांनी पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवलं होतं, “ती छत्री काय ती सकाळीच उघडा. ऊन चढलं की खारा वारा सुटतो, मग मिटून टाका.” जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, समुद्रावरची गार हवा आत घुसते. रात्री उलटं, जमिनीकडून मतलई वारा. त्या दोन्हींच्या मध्ये सकाळी थोडा वेळ पान हलत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे एवढं मोठं कापड ताणायचं तर तीच वेळ.

म्हणून आम्ही सकाळी, चहाच्या वेळी ऑनिंग उघडली. हँडल फिरवून कापड बाहेर काढलं, पाय जमिनीला टेकवले, दोऱ्या खुंट्यांना बांधल्या. उंबऱ्यावर उदबत्ती लावली होती काकूंनी, तिचा धूर सरळ वर जात होता. आणि कप खाली ठेवेपर्यंत मागच्या बाजूचा हात कोपरातून कट्‌कन तुटला, कापड एका बाजूला लोंबलं. कोणी हात लावला नव्हता. वारा तर नव्हताच.

मी लगेच फोटो, व्हिडिओ काढले, मालकाला पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आलं, “अरेरे, वाऱ्यानं मोडलं का? काही हरकत नाही, आल्यावर बघू.” मी वाऱ्याचं नावही काढलं नव्हतं.

काकांनी बोर्लीच्या एका वेल्डिंगवाल्याला बोलावलं, निदान हात बांधून परत नेता यावा म्हणून. त्यानं तुटलेला तुकडा हातात घेतला, उन्हात फिरवला आणि हसला. “हे आज नाय मोडलं ताई.” मला जवळ बोलावून दाखवलं. ॲल्युमिनियमचा हात, तुटलेल्या तोंडाचा एक पातळ कोर पांढरा, चकचकीत. बाकीचा बहुतेक भाग काळपट, ग्रीस आणि धूळ बसलेला. म्हणजे चीर जुनी, आज तुटली ती फक्त उरलेली कोर. त्यानं नखानं खरवडलं तशी करडी पापडी सुटली. एम-सील! त्याच्यावर चंदेरी स्प्रे मारलेला. एका ठिकाणी एम-सीलवर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. त्या पापडीच्या खाली आणखी एक थर, थोडा पिवळट पडलेला. म्हणजे चिकटवलंही दोनदा.

त्या ठशाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आजही आहे. पापडी एका डबीत ठेवली. वेल्डिंगवाल्याकडून साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या, तारीख आणि सही घेऊन. असा कागद जागच्या जागी घ्यावा लागतो, नागपूरला आल्यावर कोण कशाला देईल.

परत आल्यावर मालकानं गाडी बघितलीसुद्धा नाही नीट. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर बिल आलं, नवी ऑनिंग आणि फिटिंग मिळून 46,500. डिपॉझिट वळतं करून वर साडेसहा हजार द्या म्हणे. करारातलं कलमही गोल करून पाठवलं, “नैसर्गिक कारणाने झालेले नुकसान ग्राहकाकडून वसूल केले जाईल.” शिवाय हवामानाच्या ॲपवरचा त्या दिवशीच्या दुपारचा स्क्रीनशॉट, बघा किती वारा होता. सकाळी मोडलेल्या ऑनिंगला दुपारचा वारा! मी सकाळी पाठवलेल्या फोटोंवर वेळ होती, त्याचं स्वतःचं उत्तरही सकाळचंच.

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात बसते, दिवसभर बिलंच बघते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, पुढची दहा अक्षरं पॅनची. या बिलावर चौदाच अक्षरं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की दुकानाचं नाव कोणालाही दिसतं, लॉगिनही लागत नाही. चौदा अक्षरांवर तिथं काय दिसणार? बिलावरचा पत्ता सीताबर्डीचा होता, तिथं जाऊन आले. मोबाइल कव्हरचं दुकान आहे.

मग गुगलवर त्याचे रिव्ह्यू शेवटापर्यंत वाचले. पाच चांदण्यांच्या ढिगाखाली अमरावतीच्या एकाचा रिव्ह्यू, एकच ओळ, “ऑनिंगच्या नावाने डिपॉझिट दिले नाही.” त्यांना गाठलं. तेही समुद्रावरच गेले होते, तारकर्लीला, आमच्या आधी. बिल आहे का विचारलं, त्यांनी शोधून पाठवलं. रक्कम तीच. मजकूर तोच, “फिटिंग” मधली चूकही तीच, “फिटींग”. आणि बिल नंबरसुद्धा तोच! बदलली होती फक्त तारीख. त्यांच्या पैशातून नवी ऑनिंग बसली असती, तर आम्हाला एम-सीलचे दोन थर कुठून मिळाले असते?

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा माझं एकटीचं बिल घेऊन गेले तेव्हा “हा दिवाणी मामला आहे मॅडम” असं उत्तर मिळालं. दोन्ही बिलं शेजारी ठेवून, लेखी अर्ज करून पोच मागितली तेव्हा साहेबांनी चष्मा लावला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, पूर्वीचं 420. खोटं बिल दाखवून पैसे दाबले, यात दिवाणी काही नाही, हे त्या दोन कागदांनी मी न बोलता सांगितलं. चौकशी चालू आहे.

लोक 1930 वर फोन करा म्हणतात. तो ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी, आणि तोही लगेच केला तर उपयोगाचा. भाड्याच्या व्यवहारातल्या अशा तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथून मालकाला फोन गेला, त्यानं “बघतो” म्हटलं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, गाडी कुठली का असेना. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. अमरावतीच्या भाऊंची मुदत अजून शिल्लक आहे, ते तिथून वेगळी तक्रार करताहेत.

वकिलाची नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला. आवाज एकदम मऊ. “ताई, आपण नागपूरचेच लोक, पंचवीस हजार आजच टाकतो, तेवढा रिव्ह्यू काढून टाका.” रिव्ह्यू काढायला नाही म्हटलं. पंचवीसही नकोत, पूर्ण चाळीस आणि नोटिशीचा खर्च. त्यानं फोन ठेवला. त्याच आठवड्यात त्याच्या पानावर नवा फोटो आला, कोणीतरी कुटुंब मालवणकडे त्याच गाडीपुढे उभं, ऑनिंग उघडलेली, मागच्या हाताच्या कोपरावर चंदेरी पट्टा. त्या कुटुंबाला मी निरोप पाठवला आहे, त्यांनी अजून वाचलेला दिसत नाही.

तुमच्याकडे वर्धा रोडच्या अशा गाडीचं 46,500 चं बिल पडलं असेल तर फाडू नका. वरचा नंबर बघा आणि मला कळवा. आयोगापुढे दोन सारखी बिलं आहेतच, तिसरं मिळालं तर तो पुढच्या तारखेला वाऱ्याचं नाव घेणार नाही.