पथदिव्यांच्या सीसीएमएसचे १४ महिने: पॅनेलचं सगळं कळतं, खांबाचं नाही

आमच्या नगरपरिषदेत गेल्या वर्षी मे महिन्यात पथदिव्यांसाठी सीसीएमएस (सेंट्रलाइज्ड कंट्रोल अँड मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे दिवे दुरून चालू-बंद करायची आणि त्यांच्यावर नजर ठेवायची यंत्रणा) बसलं. प्रत्येक स्ट्रीटलाईट पॅनेलमध्ये, म्हणजे आसपासच्या खांबांना वीज देणाऱ्या पेटीत, एक कंट्रोलर, त्यात सिमकार्ड, आणि ऑफिसातल्या संगणकावर किंवा मोबाईलवर सगळ्या पॅनेलांचा नकाशा (डॅशबोर्ड), असं त्याचं स्वरूप. सातारा जिल्ह्यातलं नदीकाठचं गाव, ६२ पॅनेल, २३०० च्या आसपास दिवे. विद्युत विभागात अभियंता मी एकटीच, हाताशी चार वायरमन आणि एक हायड्रोलिक शिडीची गाडी. आजूबाजूच्या नगरपरिषदांतून अधूनमधून फोन येतो, "मॅडम, घ्यावं का?" फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

एलईडी आमच्याकडे आधीच आले होते. केंद्राचा स्ट्रीट लायटिंग नॅशनल प्रोग्रॅम ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावचे सोडियमचे पिवळे दिवे उतरले. आमच्याकडेही फिटिंग बदलल्या, पण पॅनेल जुनीच राहिली. त्यात २४ तासांचा चकतीवाला टायमर असायचा. तो विजेवर फिरतो. वीज तीन तास गेली की टायमर तीन तास मागे. म्हणजे संध्याकाळी सातला लागायचे ते दिवे रात्री दहाला लागणार आणि सकाळी नऊपर्यंत जळत राहणार. पावसाळ्यात तर रोजच कुठल्या ना कुठल्या पॅनेलचं हे व्हायचं. आमचे सगळ्यात जुने वायरमन, ज्यांना अख्खं गाव तात्या म्हणतं, ते सकाळी सहाला मोटरसायकल काढून निम्मं गाव फिरून टायमर जुळवत यायचे. सकाळची ती फेरी आता बंद झाली. सीसीएमएसने दुसरं काहीच केलं नसतं, तरी एवढ्यासाठी मी ते घेतलं असतं.

नवा कंट्रोलर वेळ ठरवतो ती गावाच्या अक्षांश-रेखांशांवरून. त्या तारखेला सूर्य कधी मावळतो हे तो स्वतः काढतो. आमच्याकडे जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या जरा आधी मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्याही आधी. सव्वा तासाचा फरक. सकाळचंही तसंच: जूनमध्ये सहाला उजाडतं, जानेवारीत सूर्योदयालाच सात वाजून जातात. पूर्वी वर्षातून दोनदा, 'उन्हाळी' आणि 'हिवाळी', असे टायमर बदलायचो. मधले महिने एकतर अंधार, नाहीतर उधळपट्टी. आता सूर्यास्तानंतर १० मिनिटांनी चालू आणि सूर्योदयाच्या १५ मिनिटं आधी बंद, असं एकदा भरून ठेवलंय. हिशेब सोपा आहे. ३५ वॅटचे ४० दिवे असलेलं पॅनेल रोज एक तास उगाच जळलं, तर वर्षाला ५११ युनिट जातात. पॅनेल ६२ आहेत.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. जुलैत ढग असे दाटतात की सव्वासहालाच रस्ता दिसेनासा होतो आणि यंत्राच्या मते सूर्यास्त अजून तासभर लांब असतो. पहिल्या पावसाळ्यात शाळेजवळच्या उतारावर एक दुचाकी घसरली. दिवा नव्हता. फार लागलं नाही, पण मुलाची आई दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन उभी राहिली, आणि तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून शाळा, एसटी स्टँड, पूल आणि घाट अशा १७ पॅनेलांचा वेगळा गट केलाय. जून ते सप्टेंबर रोज सहाला खिडकीतून आभाळ बघायचं आणि अंधारून आलं असेल तर मोबाईलवरून तो गट चालू करायचा. दहा सेकंदांचं काम. पूर्वी ते करताच आलं नसतं.

आता ज्याने मला दोन महिने छळलं ते सांगते. पॅनेलवरून दिवे बंद पडल्याचं कळतं, असं विकताना सांगतात. कळतं, पण कसं ते नीट समजून घ्या. प्रत्येक दिव्याशी यंत्राचं बोलणं नसतं. ते फक्त फेजवरचा, म्हणजे पॅनेलमधून दिव्यांकडे जाणाऱ्या एकेका लाईनवरचा, करंट मोजतं आणि करंट कमी झाला की 'दिवे बंद' असा अलर्ट टाकतं. सुरुवातीला आमच्याकडे रोज रात्री अकरानंतर अलर्टची रांग लागायची: अमुक पॅनेल, चार दिवे बंद. सकाळी वायरमन जाऊन मुद्दाम लाईन चालू करून बघायचे, तर सगळे दिवे लख्ख. चार-पाच दिवसांत त्यांनी त्या अलर्टकडे बघणंच सोडलं, आणि त्यांना मी दोष देऊ शकले नाही.

एका रात्री बारा वाजता मी स्वतः पॅनेलसमोर जाऊन उभी राहिले. ४० दिव्यांची फेज. संध्याकाळी व्होल्टेज २२५ होतं तेव्हा करंट साडेसहा अँपिअर. रात्री गावातले पंपबिंप, गिरण्या बंद झाल्यावर व्होल्टेज २५० ला गेलं आणि करंट सहाच्या खाली आला. दिवे मात्र सगळे चालू. मग डोक्यात प्रकाश पडला. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे फिटिंगमधलं दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, ठरलेले वॅटच ओढतो. व्होल्टेज वाढलं की तो करंट कमी घेतो. एका दिव्याचा करंट जेमतेम ०.१६ अँपिअर, त्यामुळे व्होल्टेजच्या या चढउतारात चार दिवे 'गायब' होतात. पुरवठादाराला सांगून अलर्टचा नियम करंटऐवजी किलोवॅटवर लावून घेतला. १.४ किलोवॅटची फेज १.३ च्या खाली सलग अर्धा तास राहिली तरच अलर्ट. त्या दिवसापासून अलर्ट आला की तिथे खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. तुमच्याकडे सीसीएमएस येणार असेल तर पहिल्या आठवड्यातच हे विचारा.

तरीही तीन दिवे गेलेत हे कळतं, कुठले तीन ते कळत नाही. त्यासाठी खांब शोधत फिरावं लागतंच. आम्ही त्यावर एक साधा उपाय केला. प्रत्येक खांबावर पिवळा पट्टा मारून त्यावर काळ्या रंगात आकडा घातला: ३७/१२ म्हणजे ३७ नंबरच्या पॅनेलवरचा बारावा खांब. पाच महिने लागले, दोन पेंटर ठेवले, आणि या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी खर्च तोच ठरला असं माझं ठाम मत आहे. "मारुतीच्या देवळापुढचा दिवा" अशी तक्रार आली की गावात मारुतीची देवळं चार. आता लोक आकडा वाचून सांगतात. नाईटला मी डॅशबोर्डवर ३७ उघडते, वॅट खाली आलेले दिसतात, आणि वायरमन बरोबर ड्रायव्हर घेऊनच निघतो.

अलर्टचं आणखी थोडं. दार उघडल्याचा अलर्ट चांगला, पॅनेलमधून तांब्याच्या केबल जायच्या त्या थांबल्या. एमसीबी (बिघाड झाला की लाईन तोडणारा स्विच) ट्रिप झाल्याचाही चांगला. वीज गेल्याचा अलर्ट मात्र मी एसएमएसवरून काढून टाकला. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी पाऊण तासात माझ्या मोबाईलवर ५८ मेसेज आले, आणि त्यात पुलाजवळच्या पॅनेलचं दार उघडल्याचा एक मेसेज बुडून गेला. आत पाणी शिरलं होतं.

सिमकार्डाकडेही लक्ष ठेवा. लोखंडी पेटीत नेटवर्क मिळत नाही, म्हणून अँटेना बाहेर लागतो, आणि बाहेरच्या अँटेनाला जनावरं अंग घासतात. गेल्या मार्चमध्ये नऊ पॅनेल एकाच दिवशी डॅशबोर्डवरून गायब झाली. मी केबल तपासायला माणसं पाठवली. निघालं काय, तर त्या नऊ सिमचा रिचार्ज संपला होता. रिचार्ज कुणी करायचा हे करारात लिहिलेलंच नव्हतं. दिवे मात्र त्या काळातही वेळेवर लागत होते, कारण वेळापत्रक कंट्रोलरमध्येच साठवलेलं असतं. नेटवर्क गेलं म्हणून गाव अंधारात जात नाही, ही या रचनेतली खरी जमेची बाजू. फक्त आतल्या घड्याळाचा बटणासारखा सेल जिवंत पाहिजे. गावाबाहेरच्या एका पॅनेलचा सेल गेला होता, तिथे नेटवर्कही नव्हतं. वीज जाऊन आली तसं घड्याळ शून्यावर गेलं, आणि त्या वस्तीत दोन रात्री अंधार आणि भर दुपारी दिवे. आता दर मे महिन्यात पावसाआधी सगळे सेल बदलतो. पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात छोट्या बॅटऱ्याही फुगतात, त्याच फेरीत त्याही बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचणाऱ्यांत कुणी वायरमन असेल तर बाकीचं सोडा, एवढं वाचा.

ऑक्टोबरमधली दुपार. बाजाराच्या मागच्या गल्लीत तात्या शिडीवर, ड्रायव्हर बदलत होते. खाली शिडी धरायला मदतनीस. त्याच वेळी शेजारच्या प्रभागातून तक्रार आली, आणि ऑफिसातल्या मुलाने तपासायला म्हणून त्या प्रभागाचा गट 'ऑन' केला. तात्या ज्या पॅनेलवर होते ते त्याच गटात होतं. मदतनीसाने समोर बघितलं तर रस्त्याच्या पलीकडचे दिवे भर दुपारी लागलेले. तो ओरडला. तात्यांच्या बाजूचे दिवे लागले नाहीत, कारण वर चढण्याआधी त्यांनी त्या फेजची एमसीबी हाताने पाडली होती. तेवढ्यावर ते वाचले.

त्यांनी एमसीबी पाडली, पण सगळे पाडत नाहीत, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षं सगळ्यांनी एकच धरून चाललेलं असतं की दिवसा स्ट्रीटलाईटची तार मेलेली असते. टायमर दुपारी दोनला दिवे लावत नव्हता, म्हणून ते खपून जायचं. सीसीएमएस आलं त्या दिवसापासून ते खोटं झालं. आता ती तार कुठल्याही क्षणी, गावाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या बोटाने जिवंत होऊ शकते, आणि त्या माणसाला शिडी दिसत नसते. बसवायला आलेल्यांनी दोन दिवस ट्रेनिंग दिलं. त्यात डॅशबोर्डचे रंग सांगितले, हे सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. ते माझं काम होतं.

त्या संध्याकाळी तात्या ऑफिसात आले. मी म्हणाले, "तात्या, माझं चुकलं." ते म्हणाले, "मॅडम, पोराला रागावू नका, त्याला कुठं दिसतंय. पण मला कुलूप द्या." त्यांनी मागितलं ते मी दुसऱ्याच दिवशी केलं. आमच्या पॅनेलमध्ये 'ऑटो–ऑफ–मॅन्युअल' असा फिरवायचा स्विच आहे आणि तो कॉन्टॅक्टरच्या (दिव्यांची लाईन जोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला सिरीजमध्ये आहे. तो 'ऑफ'वर असला की दुरून कितीही 'ऑन' दाबा, कॉन्टॅक्टर ओढत नाही. मी ६२ पैकी प्रत्येक पॅनेलवर उभं राहून हे तपासलं, आणि तीन ठिकाणी वायरिंग उलटं निघालं. 'ऑफ'वर ठेवूनही दुरून कमांड दिली की कॉन्टॅक्टर खट्ट वाजायचा. ती तीन दुरुस्त करून घेतली. आता प्रत्येक वायरमनकडे स्वतःचं कुलूप आणि लाल पाटी आहे. स्विच 'ऑफ', एमसीबी खाली, पेटीला कुलूप, पाटी, आणि टेस्टर लावून बघितल्याशिवाय तारेला हात नाही. किल्ली त्याच्याच खिशात. डॅशबोर्डवर 'देखभाल चालू' अशी खूण करून कमांड अडवायची सोय आधी नव्हती. दोन महिने मागे लागल्यावर मिळाली. पण ती सोय आली म्हणून कुलूप काढायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय.

बाकीचं थोडक्यात. गणपतीत मंडपाची जोडणी परस्पर स्ट्रीटलाईटच्या तारेवर घेतली की त्या फेजचे किलोवॅट एकदम वर जातात आणि आम्हाला त्याच रात्री कळतं. मंडळाच्या पोरांशी बोलून रीतसर मीटर घ्यायला लावतो. मध्यरात्रीनंतर दिवे मंद करायची सोय या प्रकारात नाही. पॅनेलवर व्होल्टेज उतरवून सोडियमच्या काळी बचत व्हायची, एलईडीचा ड्रायव्हर तेवढेच वॅट ओढत राहतो. मंद करायचं तर प्रत्येक फिटिंगवर सात पिनांचं सॉकेट आणि वेगळा नोड, म्हणजे त्या एकाच दिव्याचा कंट्रोलर, लागतो. तो खर्च हायवेला शोभतो, आमच्या गल्लीबोळांना नाही. बिल किती उतरलं असं विचारलं जातं. मोठी घट आधी एलईडीने आणली होती, सीसीएमएसने त्यावर सकाळचे फुकट जळणारे तास वाचवले. कुणी यापेक्षा मोठा आकडा दाखवत असेल तर मागच्या दोन वर्षांची बिलं समोर ठेवून विचारा.

तर घ्यावं का? घ्या. पण टेंडरमध्ये सिमचा रिचार्ज कुणाकडे, अलर्ट किलोवॅटवर, रीडिंगची सगळी माहिती नगरपरिषदेच्या मालकीची, आणि 'ऑफ' स्विच कॉइलच्या सिरीजमध्ये, हे चार मुद्दे स्पष्ट लिहून घ्या. आणि पॅनेल ताब्यात घेताना चौथा मुद्दा कागदावर तपासू नका. पेटी उघडा, स्विच 'ऑफ' करा, ऑफिसात फोन करून 'ऑन' दाबायला सांगा, आणि कॉन्टॅक्टरजवळ कान लावून उभे राहा.