स्कोअर कार्ड, ॲप की एक्सेल: हँडिकॅपसाठी नोंद कशावर ठेवावी?

गोल्फमध्ये नवा हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, काढायला निघालेला माणूस क्लबात हा प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या वयावरूनच उत्तर ओळखता येतं. साठी ओलांडलेले कार्ड म्हणतात, तिशीतले ॲप म्हणतात आणि मधल्या वयातला एखादा इंजिनिअर न मागता आपली एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. मी तिन्ही वापरली आहेत आणि तिन्हींच्या बाजूने बोलू शकतो. कल कुठे आहे हे थोडं पुढे गेल्यावर दिसेलच, लपवत नाही. पण तुमचा खेळ, तुमची चौकडी आणि तुमचा कोर्स वेगळा असेल. तेवढी सूट धरून वाचा.

शेवटच्या २० राउंडांमधल्या सर्वोत्तम ८ डिफरन्शियलची (कोर्स किती कठीण ते धरून काढलेल्या राउंडच्या आकड्यांची) सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स, इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे असं धरतो. २०२० मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली. तेव्हापासून ही सरासरी हाताने काढायची गरज उरलेली नाही. होलनिहाय स्कोअर भरला की पुढचं सिस्टिम बघते. म्हणून निवडताना गणित कोण चांगलं करतं हे पाहूच नका. होल संपवून ग्रीनवरून पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिथे, चालताना खरा आकडा कशावर नीट उतरतो, तेवढं पाहा.

एक्सेलचं आधी उरकून घेतो. डिफरन्शियलचं सूत्र एका ओळीत मावतं: ११३ भागिले स्लोप, गुणिले ॲडजस्टेड ग्रॉसमधून कोर्स रेटिंग वजा करून येणारा आकडा. स्लोप आणि कोर्स रेटिंग हे कोर्स किती कठीण ते सांगणारे आकडे, आणि ॲडजस्टेड ग्रॉस म्हणजे प्रत्येक होलला कमाल मर्यादा लावून येणारा एकूण स्कोअर. शेवटच्या २० मधले लहानात लहान ८ घ्यायचे की झालं. पावसाळी रविवारी बसून हे केलं की हँडिकॅप म्हणजे काय ते कायमचं डोक्यात बसतं, आणि तेवढ्यासाठी प्रत्येकाने एकदा करून बघावं असं मी म्हणेन. पण शीटमधला आकडा आणि अधिकृत आकडा कधी ना कधी फटकून राहतात. त्या दिवशी वारा होता, ग्रीन कडक होती, सगळ्यांचेच स्कोअर चढले, तर सिस्टिम पीसीसी, म्हणजे त्या दिवसाच्या परिस्थितीची दुरुस्ती, लावते. तो उणे १ पासून अधिक ३ पर्यंत असू शकतो आणि त्यासाठी त्या दिवसाचे किमान आठ जणांचे स्कोअर लागतात. तुमच्या घरच्या शीटला बाकीच्या सात जणांचं काय माहीत? इंडेक्स वर्षभरातल्या नीचांकापेक्षा ३ ने वर गेला की सॉफ्ट कॅप (पुढच्या वाढीला लगाम), ५ वर हार्ड कॅप (वाढ बंद), एखादा राउंड इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त स्ट्रोकनी चांगला झाला तर वेगळी कपात. हे सगळं शीटमध्ये बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा खेळ मात्र सुधारलेला पाहिला नाही. शिवाय शीट भरायची घरी गेल्यावर, म्हणजे होलवरची नोंद आधी दुसरीकडे कुठेतरी हवीच. तेव्हा खरी लढत कार्ड आणि ॲप यांच्यातच.

ॲपची बाजू भक्कम आहे, हे आधी कबूल करायला हवं. नेट डबल बोगीचं उदाहरण घ्या. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त पार (त्या होलला अपेक्षित फटके) अधिक दोन अधिक त्या होलवर हँडिकॅपमुळे मिळणारे स्ट्रोक एवढंच धरलं जातं. कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारे एकूण स्ट्रोक) २२ असेल तर स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे होलांवर स्ट्रोक वाटायचा क्रम, १ ते ४ असलेल्या होलांवर दोन-दोन स्ट्रोक मिळतात, बाकी ठिकाणी एक. म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ३ च्या पार चारवर तुमची कमाल ८ आणि स्ट्रोक इंडेक्स ९ च्या पार चारवर ७. हे चालता चालता डोक्यात ठेवणं सोपं नाही, आणि ॲप ते मुकाट्याने करून देतं. ग्रीनच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मिळतं. किती पट (ग्रीनवरचे हलके फटके) लागले, किती फेअरवे सापडले, याचा आलेख निघतो. सुरुवातीला मला तो आलेख म्हणजे नुसती हौस वाटायची. पण आपण ड्रायव्हरला (टीवरून लांब मारायच्या क्लबला) शिव्या देतो आणि स्ट्रोक मात्र तीन-तीन पट करून ग्रीनवर घालवतो, हे मला त्यानेच दाखवलं. एक सावधगिरी: स्पर्धेत अंतर बघायला नियमाची हरकत नाही, पण चढउतार धरून 'इतक्या यार्डांसारखा खेळा' असं सांगणारी सोय वापरता येत नाही. पहिल्यांदा दोन स्ट्रोक दंड, दुसऱ्यांदा बाद. ती सेटिंग राउंडच्या आधीच बंद करून ठेवा.

बॅटरी, उन्हात न दिसणारा स्क्रीन, ओल्या बोटांना दाद न देणारी काच हे सगळं आहेच. त्यावर उपाय निघतात. मला ॲपपासून दूर नेलं ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि सांगायला गेलं तर ती क्षुल्लक वाटेल.

मी वापरत होतो त्या ॲपमध्ये होल संपला की स्कोअरच्या चौकटीत पार आधीच भरलेला असायचा. पार चारचा होल असेल तर ४ समोर, शेजारी अधिक आणि उणेची बटणं. मी विसाच्या आसपास खेळणारा माणूस. माझ्या राउंडात पार पाहुण्यासारखे येतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक होलवर मला आधी ॲपचं म्हणणं खोडून काढायचं. अधिक, अधिक, अधिक. त्यात ग्लोव्ह अजून हातात असतो, एखादं दाबणं लागत नाही, मागची चौकडी फेअरवेवर कमरेवर हात ठेवून उभी असते. मग 'पुढे' दाबलं जातं आणि ४ तसाच राहतो. चौकट रिकामी राहिली असती तर संध्याकाळी डोळ्यात खुपली असती. हा ४ खुपत नाही, उलट छान दिसतो.

एकाच्या फोनवर चौघांचे स्कोअर भरले जात असतील, आणि बहुतेक चौकड्यांत तसंच होतं, तर ही संधी अठरा होलांवर चार-चारदा येते. राउंड संपल्यावर चहा घेताना आकडे वाचून दाखवायचे. आकडा जास्त लागला असेल तर माणूस तिथल्या तिथे बोलतो. कमी लागला असेल तर साखर ढवळत बसतो. लबाडी म्हणून नव्हे, खरंच आठवत नसतं. बाराव्या होलचे सहा होते की सात, हे दोन तासांनी कोण शपथेवर सांगणार?

यातली खरी मेख अशी की ही चूक एकाच दिशेने होते. कागदावर माणूस गडबडला तर कधी एक जास्त लिहितो, कधी एक कमी, आणि वर्षभरात ते साधारण फिटतं. पारापासून सुरू होणारी चौकट मात्र माझ्यासारख्याचा स्कोअर नेहमी खालीच ओढते. समजा कोर्स रेटिंग ७०.२ आणि स्लोप १२० आहे. ॲडजस्टेड ग्रॉस ९२ असेल तर डिफरन्शियल २०.५ येतो. एका होलवर ७ च्या जागी ४ राहिला तर ग्रॉस ८९ आणि डिफरन्शियल १७.७. फरक २.८ चा. आता पद्धत काय आहे? वीसातले सर्वोत्तम आठ. म्हणजे असे खोटे चांगले राउंड नेमके वेचून हिशोबात घेतले जातात आणि खरे वाईट बाहेर पडतात. आठांतल्या एकाच राउंडात हे झालं तरी इंडेक्स एक तृतीयांशाहून थोडा जास्त उतरतो. दोन-तीन राउंडांत झालं तर पुढच्या २० राउंडांपर्यंत स्वतःच्याच न केलेल्या पराक्रमाशी स्पर्धा करत बसायचं, आणि दर शनिवारी पैज हरायची.

सगळीच ॲप अशी नाहीत, हे सांगायला हवं. काहींत चौकट कोरी येते, काहींत सरळ आकड्यांचा कीपॅड उघडतो. तुमच्या ॲपात तसं असेल तर माझी अर्धी तक्रार निकालात निघते. डाउनलोड केल्यावर सगळ्यात आधी हेच बघा. नकाशे किती सुंदर आहेत ते नंतर.

उरलेली अर्धी तक्रार बॉल उचलण्याची. मित्रांच्या खेळात माणूस पाण्यात दोन बॉल घालवतो, 'माझं सोडा' म्हणतो आणि उचलतो. हँडिकॅपला तो होल चालतो, पण तिथे बहुधा लागले असते तेवढे स्ट्रोक धरायचे, नेट डबल बोगीच्या मर्यादेत. होलपासून पाच फुटांच्या आत असाल तर एक मिळवायचा, वीस यार्डांपर्यंत दोन किंवा तीन, त्याहून लांब असाल तर तीन किंवा चार. 'दिला' म्हणून सोडलेल्या छोट्या पटचाही एक धरायचा. कार्डावर मी तिथे नुसती आडवी रेघ मारतो आणि बाजूला बारीक अक्षरात '५, वीस यार्ड' असं लिहितो. संध्याकाळी शांतपणे बघतो. ॲपला तो आकडा तिथल्या तिथे हवा असतो, आणि पाण्यात दोन बॉल घालवलेल्या माणसाकडून त्या क्षणी न्याय्य आकड्याची अपेक्षा करणं जरा जास्तच आहे.

कार्डाचे दोष मोजायचे तर तेही कमी नाहीत. जूनपासून चार महिने आपल्याकडे कार्ड म्हणजे लगदा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लिहायची कला जमेपर्यंत वैताग येतो. एकाचा १ दुसऱ्याला ७ वाटतो. पँट धुवायला गेली की पंधरवड्याची मेहनत वॉशिंग मशीनमध्ये. सगळ्यात मोठा दोष म्हणजे आळस. कार्डं बॅगेच्या खिशात साठत जातात आणि स्कोअर सिस्टिमवर चढतच नाहीत. पीसीसी ठरतो तो त्या दिवशी आलेल्या स्कोअरांवर, त्यामुळे आठवड्याने भरलेल्या कार्डाचा त्यात हातभार लागत नाही. या बाबतीत ॲप कार्डापेक्षा सरळ सरळ सरस आहे. अठराव्या होलवरच काम संपतं.

तरी कार्डाकडे एक गोष्ट आहे जी मला फोनमध्ये सापडलेली नाही, ती म्हणजे दुसरा माणूस. हँडिकॅपचा राउंड एकट्याने खेळलेला चालत नाही. सोबत किमान एक जण हवा, तो यासाठीच. स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत तुमचं कार्ड मार्कर, म्हणजे तुमचा स्कोअर नोंदवायला नेमलेला माणूस, लिहितो, तुम्ही तपासता, दोघे सही करता. बेरजेची जबाबदारी समितीची, पण प्रत्येक होलचा आकडा तुमचा. कमी आकड्यावर सही केलीत तर बाद, जास्तीवर केलीत तर तोच कायम. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्टो दि व्हिसेन्झो यांनी सतराव्या होलवर ३ केले होते. मार्कर टॉमी ॲरन यांनी ४ लिहिले, दि व्हिसेन्झोंनी सही केली आणि बॉब गोल्बींबरोबरचा प्लेऑफ हुकला. हे उदाहरण कार्डाच्या विरोधातही वापरता येईल, मान्य. पण दोन माणसं मन लावून तपासत असतील तर कागद पुरतो, आणि नसतील तर कुठलंच साधन पुरत नाही. समितीने परवानगी दिली असेल तर आता इलेक्ट्रॉनिक कार्डही चालतं, तेव्हा नियमाच्या बाजूने ॲपवर काही आक्षेप नाही.

आणि आपल्या कोर्सवर तिसरा माणूसही असतो. बॅग सांभाळणारा कॅडी. कार्ड काढून पेन्सिल हातात घेतली आणि मोठ्याने 'सहा' म्हटलं, की मागून हळूच येतं, "साहेब, बंकरमधला एक राहिला." फोनवर मान खाली घालून बटणं दाबणाऱ्या साहेबाला कॅडी असं काही सांगत नाही, असं माझं निरीक्षण आहे. त्याला वाटतं साहेब मेसेज बघतायत. अनुभवी कॅडीला चौघांचे अठराही होल पाठ असतात आणि त्याला तुमचा हँडिकॅप वर-खाली होण्यात काही रस नसतो. इतका निःपक्ष साक्षीदार वाया घालवू नये.

माझी सध्याची पद्धत अशी: कोर्सवर कार्ड, टीवर जाण्याआधी ज्या होलांवर स्ट्रोक मिळतो तिथे ठिपके, दोन मिळतात तिथे दोन ठिपके. होल संपला की मोठ्याने आकडा. राउंडनंतर चहा येईपर्यंत कार्डाचा फोटो, आणि घरी पोचायच्या आत होलनिहाय स्कोअर सिस्टिमवर. ॲप मी काढून टाकलेलं नाही. अंतरासाठी आहे, आणि पट मोजायचा मूड असेल त्या दिवशी तेही.

उलट सल्ला मी दोघांना देईन. हँडिकॅप दहाच्या आत असेल तर पारापासून सुरू होणारी चौकट तुम्हाला फारसं फसवणार नाही. खुशाल ॲप घ्या. आणि ऑफिस सुटल्यावर नऊ होल खेळणारे असाल तरीही ॲपच बरं. २०२४ पासून इंडेक्स असलेल्या खेळाडूच्या नऊ होलांचा, अपेक्षित स्कोअर जोडून, लगेच अठरा होलांचा डिफरन्शियल होतो. दुसऱ्या नऊची वाट बघावी लागत नाही. अंधार पडताना आठव्या ग्रीनवर पेन्सिलीने लिहिलेलं घरी गेल्यावर वाचता येत नाही. अजून इंडेक्सच नसेल तर मात्र पहिले ५४ होल कागदावर, आणि शक्य असेल तर तुमच्याहून कडक माणसाच्या सोबत खेळून नोंदवा. पेन्सिल घरून न्या. स्टार्टरच्या टेबलावरच्या पेन्सिलींना टोक नसतं आणि पावसात शाईचं पेन कामाचं नाही.