बोलणारा चष्मा: न बोलणाऱ्या माणसांसाठी घ्या

माझं वय 73, दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन, कोरड्या प्रकारचं. दृष्टिपटलाच्या मधोमध मॅक्युला नावाचा जेमतेम 5 मिलिमीटरचा भाग असतो. बारीकसारीक दिसतं ते त्याच्या जोरावर. तो झिजला की कडेचं दिसत राहतं आणि ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. मला समोरच्याचे केस दिसतात, कान दिसतात, कॉलर दिसते. चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्यानं पाटी पुसल्यासारखा राखाडी डाग. पण जिना मी कुणाचा हात न धरता उतरते, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळं दिसतं. मग ओळख दाखवली नाही की एक तर मी शिष्ट, नाहीतर माझी स्मृती गेली!

त्यावर मुलीनं चष्म्याच्या काडीला अडकवायचा हा कॅमेरा आणला. करंगळीपेक्षा थोडा मोठा. माणसाला समोर उभं करून बटण दाबायचं, त्याचं नाव बोलायचं, चेहरा साठवला जातो. पुढे तो माणूस दिसला की यंत्र कानाशी नाव पुटपुटतं. चार महिने वापरते आहे. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण माझ्या तक्रारी या जातीच्या सगळ्याच यंत्रांना लागू पडतील असं वाटतं.

पहिली तक्रार वेळेची. नाव यायला दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात समोरचा "कशा आहात?" म्हणून मोकळा होतो आणि आवाजावरून मी त्याला कधीच ओळखलेलं असतं. वर यंत्र त्याच्या बोलण्यात बोलतं, म्हणजे पहिलं वाक्य हुकतंच. माणूस खिडकीला पाठ करून बसला तर यंत्रालाही काळाच चेहरा दिसतो, म्हणजे माझ्यासारखीच गत. मान वळवलेली असली तरी गप्प. उलट भिंतीवरच्या फोटोवर मात्र भलतं तत्पर. एकदा भाच्याचं नाव ऐकून मी "ये रे, बस" म्हणाले ते त्याच्या फोटोला. भाचा घरात नव्हताच.

शेजारच्या बाईंनी चेहरा साठवू द्यायला नकार दिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपला चेहरा कुणाच्या यंत्रात असावा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आता त्या स्वतःहून नाव सांगतात, आणि खरं सांगायचं तर ते यंत्रापेक्षा लवकर होतं.

फोनवरही अशी सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' हे ॲप 2017 पासून आहे. पण कुणी भेटायला आलं की त्याच्या तोंडासमोर फोन धरायचा, हे माझ्याच्यानं होत नाही.

लो व्हिजनच्या, म्हणजे अधू दृष्टीच्या लोकांसाठीच्या प्रशिक्षणात मला कडेनं बघायला शिकवलं होतं. माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या कानाच्या किंचित पलीकडे नजर लावायची, म्हणजे चेहरा दृष्टिपटलाच्या चांगल्या भागावर पडतो. युक्ती खरी आहे. अक्षर मोठं असलं तर वाचायला तिचा फार उपयोग होतो. चेहऱ्याचं तसं नाही. कडेच्या भागाला मुळात बारकावे कमी कळतात, शिवाय नाक-डोळे-ओठ एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे रंगही आसपासच्या त्वचेपासून फार वेगळे नसतात. हसू कळतं, माणूस कळत नाही. आणि समोरचा वळून बघतो, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून.

मग यंत्र ठेवलं कशाला? न बोलणाऱ्यांसाठी. आमच्या गुरुवारच्या वाचनगटात बारा-तेराजण गोल करून बसतो. पूर्वी जे बोलत ते मला हजर, बाकीचे गैरहजर. आता बसल्या बसल्या सावकाश मान फिरवते आणि एकेक नाव कानावर येतं. तिथे दोन-तीन सेकंदांची घाई कुणालाच नसते. पहिल्याच दिवशी अशा एका बाईंचं नाव आलं ज्यांनी गट सोडला असं मी धरून चालले होते. त्या दर आठवड्याला येत होत्या. माझ्याकडे बघून हात हलवायच्या, मी काहीच करायचे नाही, म्हणून त्यांनी तेही थांबवलं होतं.

पाचपैकी तीन तारे. घरी ते टेबलावरच असतं, गुरुवारी तेवढं लावते.