मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशनची सौर वेधशाळा: दुर्बीण चोख, तालीम अर्धीच

अमेरिकेत यूटामधल्या हँक्सव्हिल गावाजवळ मार्स सोसायटी या संस्थेचा हा मंगळावरच्या वास्तव्याचा सराव-तळ आहे. बाहेर पडायचं तर स्पेससूट घालूनच, असा इथला नियम. इथली सौर वेधशाळा, म्हणजे मस्क वेधशाळा, मात्र बोगद्याने राहत्या घराला जोडलेली आहे. बोगद्यात हवेचा दाब आहे असं धरलं जातं, त्यामुळे दुर्बिणीपाशी सूटशिवाय जाता येतं.

दुर्बीण लुंट कंपनीची, 100 मिमी, हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य बघायची. 656.28 नॅनोमीटरजवळची अगदी अरुंद पट्टी सोडून बाकी सगळा प्रकाश ती अडवते. ही पट्टी जुळवणं हेच खरं काम. प्रेशर ट्यूनरचा (हवेचा दाब बदलून पट्टी जुळवणाऱ्या भागाचा) पिस्टन आधी पूर्ण काढून आतली हवा बाहेरच्या हवेशी समान होऊ द्यायची, मग तो परत बसवून सावकाश आत फिरवायचा. तळ 1,300 मीटरहून उंच आणि वाळवंटात तापमान झपाट्याने बदलतं, म्हणून कालची खूण आज चालत नाही. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा आधी दिसतात. तेवढ्यावर थांबू नका. सूर्याच्या चकतीवरचे काळे तंतू ठसठशीत होईपर्यंत फिरवा. पिस्टनच्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर) धूळ बसली की दाब हळूहळू गळतो, तंतू फिके पडतात आणि फोकस गेला असं समजून भलताच नॉब फिरवला जातो.

कॅमेरा मोनोक्रोमच (कृष्णधवल) हवा. रंगीत सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल प्रकाश टिपतो. पडद्यावर पट्टे उमटले तर कॅमेरा किंचित तिरका करा. चकती आणि ज्वाळांसाठी एक्स्पोजर वेगवेगळं ठेवा. काम सकाळी उरकावं, जमीन तापली की प्रतिमा थरथरते. भिंगावरची धूळ ब्लोअरने उडवा, पुसू नका.

मंगळावर सूर्यावर नजर ठेवणं अत्यावश्यक असेल. 2023 मध्ये मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने सूर्याच्या पृथ्वीवरून तेव्हा न दिसणाऱ्या बाजूचा मोठा सौरडाग टिपला होता. म्हणूनच इथली मोठी उणीव खटकते: निरीक्षणासाठी घुमट उघडावाच लागतो आणि खऱ्या मंगळावर त्या क्षणी आतली हवा निघून जाईल. प्रेशर ट्यूनरही पृथ्वीच्या हवेवर बेतलेला. तिथला दाब इथल्या एक टक्क्याहूनही कमी.

त्यामुळे उपकरणांची चाचणीच करायची असेल तर स्वतःची छोटी सौर दुर्बीण बाहेर, सूट घालून लावून बघा. हेल्मेटमुळे डोळा आयपीसपर्यंत पोचत नाही, कॅमेरा आणि त्याचा पडदा लागतोच. हातमोज्यांत बारीक स्क्रू सापडत नाहीत. त्यांच्या जागी आधीच मोठे नॉब बसवून न्या.