साइटवरचं डुप्लिकेट बुक : चार वर्षं वापरल्यावर

कराडच्या बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मी हे बुक घेतो. ९० रुपये, १०० छापील नंबर, वर पांढरं पान आणि खाली त्याच नंबरचं पिवळं, मधे कार्बन. पांढरं फाडून पार्टीच्या हातात द्यायचं, पिवळं बुकात राहतं. गॅरेजवाले, फर्निचरवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरतात तेच. मी वर्षाला दोन-तीन बंगले आणि थोडी दुरुस्तीची कामं घेणारा लहान कंत्राटदार. २०२२ पासून हे बुक गाडीच्या डिकीत असतं, आता सहावं चालू आहे.

पहिलं घेतलं ते पोळल्यावर. ११०० चौरस फुटांचा बंगला, मालक रोज संध्याकाळी साइटवर. ओटा दोन इंच उचला, बाथरूमच्या टाइल्स सात फुटांवर न थांबवता छतापर्यंत न्या, लिंटल, म्हणजे खिडकीवरचा काँक्रीटचा पट्टा, ओतून झाल्यावर खिडकी दीड फूट सरकवा. प्रत्येक वेळी एकच वाक्य: "करून टाका, हिशेबाला बसू तेव्हा बघू." हिशेबाला बसलो तेव्हा जादा कामाचे १,८५,००० झाले होते, आणि मालक म्हणाले, "हे मी कधी सांगितलं?" गवंड्यांचा पगार तर मी दर शनिवारी चुकता केलेला. हा वाद चालला त्या चार महिन्यांत रात्री साडेदहाला फोन वाजला की पोटात गोळा यायचा. दोन वाजता जाग यायची आणि कोण काय बोललं होतं ते आठवत पहाट व्हायची. बीपी १६०/१०० निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हिने विचारलं, "सगळं डोक्यात कशाला ठेवता? लिहून का घेत नाही?" दुसऱ्या दिवशी बुक आणलं.

वापरायची माझी रीत सांगतो. लाईनआऊटच्या, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी करायच्या आधी, पार्टीच्या घरी बसून, पहिलं पान लिहायचं. दरात काय धरलंय, काय नाही. हप्ते कधी. स्लॅबचा हप्ता ओतायच्या आदल्या दिवशी, नंतर नाही, कारण स्लॅब पडल्यावर पैसे सुटायला महिना लागतो हे मी दोनदा अनुभवलंय. फोन सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, रविवारी बंद. गिलाव्याचं माप कसं घेणार तेही इथेच, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे होतो. भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट नसते. त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट. दुसऱ्या बाजूची वजावट होत नाही, तिच्या बदल्यात खिडकीच्या कडांचा गिलावा धरला जातो. म्हणजे चार बाय चार फुटांची खिडकी १६ चौरस फूट, साधारण दीड चौरस मीटर, ती एकाच बाजूने वजा. हे आधी लिहिलं की मालक शांतपणे ऐकून घेतात. बिल हातात दिल्यावर सांगितलं तर तीच गोष्ट त्यांना फसवणूक वाटते.

मग बुक पुढे सरकवतो आणि सही मागतो.

बुकाचा खरा उपयोग इथे होतो. चार वर्षांत चौघांनी सही करायला नकार दिला. एक गृहस्थ म्हणाले, "आपल्यात सही कशाला? विश्वास नाही का?" दुसऱ्यांना बाकी सगळं चालत होतं, फक्त हप्त्यांच्या ओळी नको होत्या. चौघांचीही कामं मी सोडली. सोपं नव्हतं. त्यातलं एक सोडलं तेव्हा दुसरं काम हाताशी नव्हतं, दोन गवंडी नऊ दिवस बसून होते, त्यांना खिशातून उचल द्यावी लागली. त्या घराचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, मी चौकशीही केली नाही. पण ती दिवाळी मी घरात होतो, आणि २०२२ ची दिवाळी कशी गेली होती ते हिला आणि मला माहीत आहे.

जादा कामाचं म्हणाल तर प्रत्येक बदलाला एक पान: तारीख, काय, किती रुपये, किती दिवस वाढणार. साइटवरच लिहायचं, रात्रीवर टाकायचं नाही. आकडा कागदावर उतरला की पाचातले दोन-तीन बदल मालक स्वतःच मागे घेतात. ओटा फोडायचा खर्च ऐकताना वेगळा वाटतो, लिहिलेला वेगळा दिसतो. एका शिक्षिकाबाईंनी तर सवयच लावून घेतली होती. मी साइटवर पोचलो की म्हणायच्या, "दादा, बुक काढा, आज दोन गोष्टी आहेत." त्यांच्या कामात शेवटच्या हिशेबाला आम्ही वीस मिनिटं बसलो.

बुक मलाही बांधून ठेवतं, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. एका मालकांनी पान क्रमांक ४१ समोर धरलं. गच्चीची पॅरापेट, म्हणजे कठड्याची भिंत, तीन फूट बांधून देतो असं मीच लिहिलं होतं आणि गवंड्याने अडीच बांधली होती. वाद घालायला जागाच नव्हती. अर्धा फूट वर चढवून दिली, माझ्या खर्चाने.

मुहूर्ताच्या घाईतही कामाला आलंय. १६ फुटी, म्हणजे जवळपास ४.९ मीटरच्या हॉलचा स्लॅब, आणि वास्तुशांत जवळ आली म्हणून सहाव्या दिवशी सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, काढा असा आग्रह. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त असेल तर स्लॅबचे टेकू १४ दिवस ठेवायचे, असं काँक्रीटचं भारतीय मानक ४५६ सांगतं. मी पान लिहिलं: "मालकांच्या सांगण्यावरून सहाव्या दिवशी टेकू काढत आहे" आणि सहीसाठी पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि तारीख पुढे ढकलली. सही केली असती तरी टेकू काढले नसते, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

आता बुकातले दोष. कार्बन स्वस्तातला असतो, पंधरा-वीस पानांत फिका पडतो. चांगला कार्बन वेगळा घ्या. जेल पेनचा ठसा खाली उतरत नाही, बॉलपेनच हवं आणि दाबून लिहायला हवं. पिवळ्या पानाखाली पुठ्ठा सरकवायला विसरलात तर पुढच्या दोन पानांवर वळ उठतात. कार्बन उलटा घातला तर पांढऱ्याच्या पाठीवर उमटतं आणि पिवळं कोरं राहतं. हे पहिल्या महिन्यात माझ्याकडून दोनदा झालं, म्हणून आता सही घेण्याआधी खालचं पान उचलून बघतो. पुठ्ठ्याचं कव्हर क्युरिंगच्या, म्हणजे बांधकामावर मारायच्या पाण्याने फुगतं, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. पिन मारलेलं बुक घेऊ नका, अर्ध्यावर सुटतं. दोऱ्याने शिवलेलं मागा, दहा रुपये जास्त पडतात.

कार्बन न लागणारं बुकही दुकानात आहे, १६० रुपयांना. लिहायला छान, हात काळे होत नाहीत. पण उन्हाळ्यात डिकीत राहिलेल्या माझ्या बुकाची खालची अक्षरं वर्षभरात पुसट झाली. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा लावायला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते, तोवर पिवळं पान वाचता आलं पाहिजे. म्हणून मी पुन्हा कार्बनवरच आलो. भरलेली बुकं घरात लोखंडी ट्रंकेत, वरच्या पुठ्ठ्यावर साइटचं नाव आणि वर्ष घालून ठेवली आहेत.

करारपत्र वेगळं करावं लागतंच. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टँपपेपर जाऊन ५०० चा आला आहे, आणि मोठ्या कामाला तो मी करतोच. पण करारपत्र कपाटात राहतं आणि ओटा उंचावायचा निर्णय वाळूच्या ढिगाजवळ उभ्याने होतो. तिथे हे बुकच हाताशी असतं.

नंबर छापलेलं आहे ना एवढं दुकानातच उघडून तपासा. बिननंबरीही त्याच फळीवर असतात, ७० रुपयांना, आणि त्यातलं पान मधूनच फाडून टाकलं तर कुणाला कळत नाही. मी एका वेळी दोन घेतो, एक डिकीत, एक मिस्त्रीकडे.